अकरा नंबरला घरी पोचवलं

काशी-रामेश्वर करून आलेली माणसं चार लोकांत बसून प्रवासाचं सांगतात. मी त्यातलं काही केलेलं नाही. सांगण्यासारखा माझा प्रवास एकच, ठाण्याहून शीळफाट्यापलीकडच्या एका खाडीकाठच्या गावापर्यंत. अंतर एवढंच की सकाळी निघालेला माणूस जेवणाच्या वेळेला घरी येईल. आम्हाला पोचायलाच दोन दिवस लागले. गोष्ट नव्वदीतली, वैशाखातली. त्यातल्या काही गोष्टींचा अर्थ मला अजून लागलेला नाही. ज्या दिसल्या तशा लिहिते.

मी मूळची सातारकडची, चौथी पास. नवरा गेल्यावर ठाण्याला आले आणि वेड्यांच्या इस्पितळात आया म्हणून लागले. इस्पितळाचं नाव लिहीत नाही. आमच्या वेळी आयांना शिकवणं असं काही नव्हतं. पहिल्या दिवशी मेट्रनबाईंनी हातात चाव्यांचा जुडगा दिला आणि म्हणाल्या, आधी कुलूप बघायचं, मग माणूस. तेवढंच शिक्षण. बायकांचे केस कापायचे, गोणपाटासारखे जाड झगे घालायचे, संध्याकाळी खांद्याला हात लावत मोजायच्या. शॉकच्या दिवशी सकाळचा चहा बंद ठेवायचा आणि मग चौघींनी धरायचं. मी पाय धरायची. नावं कोणी घ्यायचं नाही, खाटेचा नंबर हेच नाव. मारायचं नाही असा नियम होता. तो जेवढा पाळला जायचा तेवढा पाळला जायचा.

मग ऐंशीनंतर शिकलेल्या नर्स येऊ लागल्या. वेड्यांची सेवा हाच विषय घेऊन बाहेरगावी शिकून आलेल्या. त्यांच्यातली एक कुंदा सिस्टर. कोकणातल्या माणसांची मुलगी, राहायला डोंबिवलीला. ती खाटेवर बसून बायकांशी बोलायची. आम्ही आया हसायचो. ती म्हणायची, "मावशी, बोलणं हेच औषध." मी म्हणायची, "मग गोळ्या तू खा."

तेवढ्यात जुना कायदा जाऊन नवा आला. वरून माणसं तपासायला आली. ठरलं की ज्यांना घर आहे आणि ज्या शांत आहेत त्यांना घरी पोचवायचं. यादी झाली. पत्ता असलेल्या जातील, पत्ता नसलेल्या राहतील. यादीत अकरा नंबर होती. कागदावर नाव चांगुणा, पत्ता ठाकुर्लीचा, भावाचा. पोचवायला कुंदा सिस्टर आणि मी.

माजिवडा

इस्पितळाच्या गाडीने आम्हाला माजिवड्याच्या नाक्यावर सोडलं. ठाण्याहून रेल्वेने अर्ध्या तासाचं काम, पण अकरा नंबरला प्लॅटफॉर्म दिसला की ती तिथेच खाली बसायची, चौघींनी ओढली तरी उठायची नाही. म्हणून भिवंडीवरून एसटी.

"मावशी, त्यांना चांगुणाताई म्हणा. नंबर नको," सिस्टर म्हणाली.

"इतकी वर्षं अकराच म्हटलंय."

"म्हणून तर सांगतेय."

मला ते नाव तोंडातून काढवत नव्हतं, आणि त्याचं कारण सिस्टरला वाटत होतं ते नव्हतं. ही बाई चांगुणा नव्हती. हे सगळ्या इस्पितळात मला एकटीला ठाऊक होतं.

चांगुणा अकरा नंबरच्या खाटेवर होती. शेजारी बारा नंबरला ही. हिला पोलिसांनी एका स्टेशनावरून उचलून आणलं होतं. नाव सांगेना, गाव सांगेना, तोंडातून शब्द नाही. चांगुणा मात्र दिवसभर बोलायची. आपल्या घराबद्दल, गावाबद्दल, म्हशीबद्दल. ऐकणारी ही एकच. एका पावसाळ्यात वॉर्डात हगवण आली. आजारी बायका मागच्या खोलीत ठेवल्या, त्यात चांगुणालाही नेलं. त्या रात्री बारा नंबरच्या खाटेवर छप्पर गळत होतं, अकरा कोरडी होती, म्हणून मी हिला अकरावर झोपवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे सातारहून सांगावा आला, माझा भाऊ वारला. मी महिनाभर रजेवर गेले. माझ्या जागी नवी आया. तिने पाहिलं, अकरावर बाई आहे, बारा रिकामी. मागच्या खोलीत मेलेल्या बाईची नोंद अजून व्हायची होती. तिने तसंच सांगितलं, कारकुनाने तसंच लिहिलं. कागदावर बारा नंबरची बेवारस बाई मेली आणि चांगुणा जिवंत राहिली.

परत आल्यावर मी रजिस्टर पाहिलं. चार यत्तांत तेवढं वाचता येतं. मी गप्प बसले. दुरुस्त करायला गेले असते तर खाट न विचारता का बदललीस हा पहिला प्रश्न मला आला असता. पुढे वर्षं गेली आणि सांगायची वेळ निघून गेली. आता यादी आली तेव्हा बोलले असते तर हिला घर नाही असं ठरून ही त्या भिंतीआड मेली असती. म्हणून पुन्हा गप्प बसले. दुसऱ्याच्या घरी जिवंत माणूस पोचवायचं, आणि त्यांचं माणूस मेलं हे सांगायचं नाही, असं ते काम होतं.

एसटीत ती खिडकीशी बसली आणि बाकाची अर्धी जागा रिकामी ठेवली. एक माणूस बसायला आला तर तिने हाताने अडवलं. कंडक्टर म्हणाला, "ओ बाई, जागा काय बापाची आहे का?" तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. माणूस स्वतःच मागे गेला. सिस्टरने वहीत काहीतरी लिहिलं.

कल्याणला उतरल्यावर चहा घेतला. ती टपरीवाल्याला म्हणाली, "दोन." मी इतक्या वर्षांत तिच्या तोंडून ऐकलेला तो तिसरा की चौथा शब्द. एक कप ती प्यायली. दुसरा फळीवर ठेवून साय धरेपर्यंत बघत उभी राहिली, आणि मग म्हणाली, "झालं."

ठाकुर्ली

रेल्वेच्या जुन्या चाळीत तो पत्ता निघाला. दाराला कुलूप. भर दुपारी चाळीत एक माणूस दिसेना, फक्त कुठेतरी रेडिओ चालू. शेवटी शेजारच्या दारातून एक बाई आली. तिने आधी पाणी दिलं, मग चौकशी केली. ठाकुर्लीत मला ही रीत आवडली. आमच्याकडे उलटं करतात.

"जनूभाऊ ना? ते गेले गावाला. नोकरी सुटली तेव्हाच गेले. आता पोरीचं लग्न काढलंय. शीळफाट्याच्या पुढे गाव आहे त्यांचं. पण तुम्ही कोण?"

सिस्टर म्हणाली, "ही त्यांची बहीण. चांगुणाताई."

बाईने हिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बहीण? अहो, त्यांची बहीण तर वारली ना? म्हातारी राहायला यायची तेव्हा हिथंच पायरीवर बसून सांगायची, माझी चांगुणा गेली म्हणून."

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला.

सिस्टर मात्र हसली. तिने मला बाजूला घेतलं आणि समजावलं, घरात वेडं माणूस असलं की लोक लाजेने मेलं असंच सांगतात, ती हे पुस्तकात शिकलीय. शेजारणीलाही काहीतरी सांगून तिने वेळ मारून नेली. पण ती बाई आम्ही चाळीच्या टोकाला जाईपर्यंत दारात उभी होती, आणि दारातून आत जाताना तिने पदर डोक्यावर घेतला.

डोंबिवली

त्या दिवशी गावापर्यंत जाण्यात अर्थ नव्हता. मुक्काम सिस्टरच्या खोलीवर केला. तिने कुळथाचं पिठलं आणि भात केला. आमच्याकडे कुळीथ बैलाला घालतात. मी तसं बोलले तर म्हणाली, "मावशी, मग आज बैल व्हा." जेवले. चांगलं होतं.

दिवेलागणीला अकरा नंबर गॅलरीत बसली होती. मी वेणी घालायला तिच्यामागे बसले. केस आता वाढवू देतात. ती एकदम बोलायला लागली. शब्दच न काढणारी बाई, घडाघडा.

"दारान चिंच हाय. चिंचेला ढोली हाय, तिच्यान घुबड असतं. बांधावरनं जाताना डावीकडं पाय टाकाचा नाय, थयं आमची म्हैस रुतली. आय बोंबलली, बाबा बोंबलला, म्हैस नुसती बगत होती आनि खाली जात होती."

आणि जीभ टाळूला लावून एक चटकारा. प्रत्येक वाक्याच्या शेवटी चांगुणा असाच चटकारा द्यायची. मी दहा वर्षं तो आवाज वॉर्डात ऐकला होता, आणि त्यानंतर कित्येक वर्षं ऐकला नव्हता. माझ्या हातातून पेड सुटले.

"हे तुला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"तीच सांगतंय ना."

"कुठे आहे ती?"

तिने मान न वळवता सांगितलं, "मागनं येतंय. तिचं पाय दुखतान."

सिस्टर आतून सगळं ऐकत होती. ती आनंदाने बाहेर आली. "मावशी, बघितलंत? घर जवळ आलं तशी स्मृती परत येतेय." वहीत पान भरून लिहिलं. मला तिला सांगावंसं वाटलं की ही स्मृती हिची नाही. पण सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघी ठाण्याला परत गेलो असतो.

वेणी तशीच अर्धी ठेवून मी आत गेले.

शीळफाट्यापलीकडे

सकाळी बस पकडून शीळफाट्याला उतरलो. तिथे तिन्ही बाजूंनी ट्रक येतात आणि धुळीत माणूस दिसत नाही. पुढे पायी. रस्ता सुटला आणि खाजण लागलं. आमच्याकडची जमीन कोरडी झाली तरी जमीन वाटते. ही खाडीची जमीन वेगळी. वरून पापडासारखी तडकलेली, त्यावर मिठाची पांढरी साय, आणि खाली काय आहे ते कळत नाही. मधून मातीचा उंच बांध, त्यावरून एकामागे एक चालायचं. उन्हाने सगळं हलत होतं. पक्षी नव्हता, वारा नव्हता. बांधाखालच्या चिखलात निवटी पळत होत्या. निवटी म्हणजे बोटाएवढी मासळी, डोळे डोक्याच्या वर. आपण थांबलो की त्या थांबत आणि सगळ्या मिळून आपल्याकडे बघत.

पुढे कोण चालत होतं? अकरा नंबर. कोणी वाट सांगितली नव्हती. दोन ठिकाणी बांध फुटून वाटा झाल्या होत्या, ती विचार न करता वळली. एका जागी ती थांबली, पदर सावरला आणि उजव्या कडेने अंग चोरून पुढे गेली. मी सिस्टरला म्हटलं, तूही उजवीकडूनच चल.

"का? डावीकडे तर सपाट आहे."

सिस्टरने पाय टाकला तो गुडघ्यापर्यंत आत गेला. आम्ही दोघींनी ओढून काढली. चप्पल राहिली ती राहिलीच. सिस्टर हसत होती, पण तोंड पांढरं पडलं होतं.

"मावशी, ह्यांना बरोबर आठवलं हो."

"हो," मी म्हटलं.

गाव आलं. दारात चिंच होती. मांडव घातलेला, आंब्याची तोरणं, अंगणात बायका तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या. पाण्याचा हात लावून, परातीएवढ्या, पांढऱ्या. आम्ही अंगणात उभ्या राहिलो तशा थापणाऱ्या हातांचे आवाज एकेक करून थांबले.

जनूभाऊ पुढे आला. पन्नाशीच्या आतला, उघडा, अंगाला मांडवाच्या मातीचे डाग. सिस्टरने कागद पुढे केला आणि सांगितलं. त्याने कागद घेतला नाही.

"आज आणताव? मांडवाच्या दिवशी? उद्या पोरीचं लगीन हाय. नवऱ्याकडची मानसं येतील, त्यांना सांगू काय, घरान येडी हाय?"

"ती आता बरी आहे," सिस्टर म्हणाली. "कायद्याने तुम्हाला..."

"कायदा तुमच्या घरान ठेव बाय!" मग त्याने हिच्याकडे नीट पाहिलं आणि आवाज खाली आला. "मी ल्हान होतो ती गेली तवा. पन... तोंड तसाच हाय. आयचं तोंड."

मी पाहिलं. खरंच होतं. बारा नंबर म्हणून आली तेव्हा हिचं तोंड लांबट होतं. आता ते गोल होतं, आणि दारात येऊन उभ्या राहिलेल्या म्हातारीसारखं होतं. मी स्वतःला सांगितलं की म्हातारपणी सगळ्या बायका सारख्याच दिसतात. अजूनही तेच सांगते.

म्हातारी दाराला धरून उभी होती. एका डोळ्यात फूल पडलेलं. तिने हिला पाहिलं, सिस्टरला पाहिलं, मला पाहिलं. मग आमच्या मागे, बांधाच्या वाटेकडे पाहिलं. बराच वेळ. कोणीतरी मागे राहिलंय आणि त्याला येऊ द्यायचंय, असं. मग म्हणाली, "आत या. उनान उभ्या राहू नका."

"आये, अगो पन..." जनू म्हणाला.

"मांडवान आलेलं मानूस परत धाडतान कं?"

आम्हाला पडवीत बसवलं. सुक्या मासळीचं, वाकट्यांचं कालवण आणि ती पांढरी भाकरी वाढली. सातारला असा वास आला तर शेजारी उठून येतील, पण चव जिभेवर राहते. अकरा नंबर जेवली नाही. ती उठून गोठ्याकडे गेली, उंबऱ्याजवळचा एक दगड दोन्ही हातांनी उचलला आणि खाली बघत राहिली. खाली काही नव्हतं, ओली माती आणि किडे. तिने दगड जसा होता तसा ठेवला. म्हातारी हे दारातून बघत होती. तिच्या ओठांची हालचाल झाली. मला शब्द ऐकू आले नाहीत.

जनूने सांगून टाकलं, लग्न लागेपर्यंत थांबायचं नाही, ऊन उतरलं की हिला घेऊन निघायचं. सिस्टर हट्टाला पेटली. ती म्हणाली, पोचल्याच्या कागदावर घरच्यांचा अंगठा घेतल्याशिवाय हलणार नाही. माझ्या मनात निम्मं हेही होतं की जावं परत, संपवावं.

मांडव

त्या लोकांच्यात लग्नाला भटजी असला तरी खरी मालकीण धवलारीण. ती गाणी म्हणत सगळं पार पाडते. ही धवलारीण म्हातारी विधवा होती, अक्षरओळख नाही, सगळं तोंडपाठ. आमच्याकडे मेलेल्यांना ताट वेगळं वाढतात आणि लग्नाच्या कामात त्यांचं नाव काढत नाहीत. इथे धवलारीण घरातल्या सगळ्या मेलेल्यांना नाव घेऊन मांडवात बोलावते. ते आल्याशिवाय हळद लागत नाही.

ऊन अजून होतं. मांडवाच्या मधोमध उंबराची फांदी पुरलेली. धवलारणीपुढे सुपात तांदूळ, पानाच्या द्रोणात ताडी. ती एका सुरात, नाकातून, न थांबता म्हणत होती. एकेक नाव आलं की म्हातारी तांदळाची चिमूट फांदीपाशी ठेवायची. आजा आला, आजी आली, म्हातारीचा नवरा आला, पाण्यात गेलेला दीर आला. खरंच कोणी येऊन बसावं तसं बायका सरकून जागा करत होत्या. मला हे विचित्र वाटलं, आणि नंतर लक्षात आलं की मीही सरकले होते.

धवलारीण थांबली. "सगलं आलं कं गो?"

"नाय," म्हातारी म्हणाली. "माजे चांगुणेला बोलव."

धवलारणीने पडवीच्या कडेला बसलेल्या हिच्याकडे पाहिलं. "अगो, दर येलेला बोलवतंय, पन आज कशी बोलवू? ती तर हयीच बसलीय. जित्या मानसाला पितरान बोलवाचं नसतं."

म्हातारी म्हणाली, "बसलीय ती बसू दे. जी नाय, तिला बोलव."

धवलारणीने मग ते नाव घेतलं. "ये गो चांगुणे, ये, भाचीचं लगीन हाय, ये गो, तुजे जागेवर बस." दोनदा म्हटलं. आणि अकरा नंबर, जी कालपासून बाजूला जागा ठेवून बसत होती, ती आपल्या जागेवरून सरकली आणि त्या रिकाम्या जागेत बसली. हात मांडीवर घेतले. एवढंच केलं. मी चाळीस बायकांचे शॉक बघितलेत, पाय धरलेत. माझ्या पाठीवर काटा आला तो तेव्हा.

हळद सुरू झाली. म्हातारी उठून आमच्याकडे आली आणि मला म्हणाली, "तू जुनी दिसतंस. आत ये." सिस्टरही मागोमाग आली. जनू दारात उभा राहिला.

"तुमना वाटलं मना ठावं नाय," म्हातारी म्हणाली. "मी आलती. ते पावसाला सरल्यावर. तुमचे बाईनी जालीतनं दाखवली. अकरा नंबर म्हनून हाक मारली, आनि ही उठली. मी बगत रायली. तुमची बाई मना सांगतंय, बग, तुजी पोर, कशी चांगली हाय. मी कोनाला सांगू, ही माजी नाय? येड्यांचे घरान उभी रावून मी सांगू? मना पन आत घेतली असती."

"आजी," सिस्टर म्हणाली, "म्हणजे ही..." आणि माझ्याकडे वळली. "मावशी?"

मी सांगितलं. खाट, पाऊस, रजा, रजिस्टर, सगळं. पाच वाक्यांत झालं. इतकी वर्षं पोटात ठेवलं होतं आणि निघालं पाच वाक्यांत.

सिस्टरने पिशवीतला कागद काढला. "मग ह्यांना इथे ठेवता येणार नाही. मी कागदावर खोटं कसं लिहू? परत न्यावं लागेल. परत नेलं की पत्ता नसलेल्यांत..."

जनू म्हणाला, "न्या तर! आमची नाय तर आमाला कशाला?"

म्हातारीने त्याला हाताने गप्प केलं. तिला माझ्याशीच बोलायचं होतं. "घरी येऊन मी पानी ओतलं, गेली म्हनून. पन कशी गेली ते कोनी सांगलं नाय. तू होतीस?"

"होते."

"कवा गेली?"

"दुपारी. तीनच्या सुमाराला."

"बोलली काय?"

"म्हशीला हाक मारत होती."

बाहेर बायका गात होत्या. मग म्हातारीने विचारलं, "तोंडान पानी कोनी घातलं? तू?"

मला हो म्हणता आलं असतं. तिथे कोण होतं खरं-खोटं करायला? पण त्या मांडवात सरकून जागा केल्यावर मला खोटं बोलवेना.

"मी नाही. वॉर्डात मी एकटी होते, त्या खोलीचं दार मी बाहेरून लावलं होतं. आजार पसरू नये म्हणून तसंच लावायचं असा हुकूम होता. संध्याकाळी उघडलं तेव्हा ही आत होती. माझ्या नकळत तिच्यामागे आत शिरली होती. तिचं डोकं हिच्या मांडीवर होतं आणि हिने आपला झगा पाण्याच्या बादलीत भिजवून तिच्या तोंडात पिळला होता. झगा अजून ओला होता."

"मग तीनला गेली ते तुला कसं ठावं?"

"तीनला आतून हाका थांबल्या," मी सांगितलं.

सिस्टरने तोंडावर हात ठेवला. ती शिकून आलेली होती, तिला हे कोणी शिकवलं नव्हतं की आमच्यातली सेवा बहुतेक वेळा खाटेवरच्या बायकाच एकमेकींची करायच्या, आणि चाव्या आमच्याकडे असायच्या.

म्हातारीने मला मारलं असतं तर मी मार खाल्ला असता. तिने मारलं नाही. ती दारापाशी गेली, जनूला बाजूला सारून बाहेर बघत राहिली. मांडवात अकरा नंबरच्या कपाळाला कोणीतरी पोरीने हळद लावली होती आणि ती न पुसता तशीच बसली होती.

"हिचं नाव काय?" म्हातारीने विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं. "कधी सांगितलं नाही."

"आये," जनू म्हणाला, "नवऱ्याकडचे इचारतील ना, ही कोन."

"सांग, माजे पोरीचं केलं ती." मग सिस्टरला म्हणाली, "कुटं अंगठा लावाचा?"

"आजी, तिथे चांगुणा लिहिलंय. मी वाचून दाखवते आधी."

"वाचू नको. लाव ती शाई."

सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. माझा सांगायचा हक्क संपला होता. ती बराच वेळ कागद हातात घेऊन बसली. मग तिने पिशवीतून शाईची डबी काढली आणि म्हातारीचा अंगठा स्वतः धरून कागदावर दाबला.

म्हातारीने अंगठा लुगड्याला पुसला आणि मला म्हणाली, "हलदीचं जेवान हाय. जेवून जा. आनि परत येव नको."

मी मांडवात बसून जेवले. परत कधी गेले नाही.